घरच्या ध्वनिसंचात आवाजाचा दर्जा कशावर ठरतो: नवख्या श्रोत्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ध्वनिसंच घ्यायला निघालेल्या माणसासमोर पहिल्याच दिवशी स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, डॅक (डिजिटल संदेशाचे विद्युत् लहरींत रूपांतर करणारे यंत्र), स्ट्रीमर (इंटरनेटवरून संगीत घेणारे यंत्र), सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर), तारा, स्टँड अशा नावांची रांग उभी राहते आणि यांपैकी प्रत्येक वस्तू विकणारा तीच वस्तू निर्णायक असल्याचे सांगतो. सगळे घटक आवाजावर काही ना काही परिणाम करतात हे खरे आहे. मात्र एका घटकाचा परिणाम कोणालाही शेजारच्या खोलीतून ओळखता येईल इतका मोठा असतो, तर दुसऱ्याचा केवळ मोजमापाच्या यंत्रालाच कळतो, आणि माहितीपत्रकांत दोन्ही सारख्याच ठळक अक्षरांत छापलेले असतात. कोणत्या गोष्टीचा निर्णय आधी घ्यावा, कशावर वेळ आणि पैसा खर्च करावा आणि कशाकडे निश्चिंतपणे दुर्लक्ष करावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

हा क्रम ठरवायला एकच कसोटी पुरते. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोन त्या कंपनाचे विद्युत् संदेशात रूपांतर करतो, पुढे तो संदेश साठवला, वाचला आणि वाढवला जातो आणि अखेरीस स्पीकर त्याचे पुन्हा हवेच्या कंपनात रूपांतर करतो. संदेश विद्युत् रूपात असतो तोवर त्याला जवळजवळ धक्का न लावता पुढे पाठवणे आज सोपे आणि स्वस्त झाले आहे. खरी अडचण येते ती हलत्या वस्तूचे वीजेत किंवा वीजेचे हलत्या वस्तूत रूपांतर करताना. नीट बांधलेल्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरमधील विरूपण, म्हणजे मूळ संदेशात होणारी विकृती, टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षा, आणि बऱ्याचदा शंभराव्या भागापेक्षाही कमी असते. चांगल्या डॅकमध्ये ते त्याहून किती तरी कमी असते. स्पीकर मात्र मोठ्या आवाजात खर्जाचे स्वर वाजवताना सहज काही टक्के विरूपण निर्माण करतो. २० हर्ट्झपासून (सेकंदाला २० कंपनांपासून) २० किलोहर्ट्झपर्यंतच्या, म्हणजे माणसाला ऐकू येणाऱ्या, पट्ट्यात अ‍ॅम्प्लिफायरचा प्रतिसाद, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांना मिळणारी पातळी, डेसिबलच्या (आवाजाची पातळी मोजण्याच्या एककाच्या) अंशाइतकाच हलतो, तर स्पीकरच्या बाबतीत अधिक-उणे ३ डेसिबल हे चांगले लक्षण मानले जाते. तोच स्पीकर खोलीत ठेवला की खर्जाच्या काही स्वरांत १० ते २० डेसिबलचे चढउतार दिसू लागतात. यावरून क्रम उघड होतो: खोली आणि स्पीकर हे दोन घटक, त्यांची परस्परांशी असलेली मांडणी, आणि बऱ्याच अंतरावर बाकी सारे.

याच्या अगदी उलट मतही प्रतिष्ठित होते, हे येथे नोंदवायला हवे. १९७० च्या दशकात स्कॉटलंडमधील लिन या कंपनीने असा आग्रह धरला की स्रोत सर्वांत महत्त्वाचा, कारण जे सुरुवातीलाच हरवले ते पुढचा कोणताही घटक परत आणू शकत नाही. त्या काळात स्रोत म्हणजे तबकडी वाजवणारा टर्नटेबल, आणि त्याची सुई व कार्ट्रिज ही यांत्रिक कंपनाचे वीजेत रूपांतर करणारी, म्हणजे वरच्या कसोटीत थेट बसणारी वस्तू होती. त्या अर्थाने ते मत तेव्हा पुष्कळ अंशी रास्त होते. डिजिटल स्रोताला ते जसेच्या तसे लावणे मात्र चुकीचे आहे.

पायरी पहिली: खोली मोजावी आणि बसण्याची जागा ठरवावी

खरेदीच्या आधी मोजपट्टी घेऊन खोलीची लांबी, रुंदी आणि उंची लिहून काढावी. ध्वनीचा वेग सामान्य तापमानात सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणून १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर आणि ५० हर्ट्झची जवळपास ७ मीटर भरते. घरातील खोल्यांची मापे याच टप्प्यात येत असल्यामुळे समोरासमोरच्या भिंतींमध्ये खर्जाचे ठरावीक स्वर अडकून राहतात आणि घुमतात. असा सर्वांत खालचा स्वर काढण्यासाठी ३४३ ला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे. ४ मीटर लांबीच्या खोलीत उत्तर सुमारे ४३ हर्ट्झ येते आणि त्याच्या पटीत ८६, १२९ असे पुढचे स्वरही उठावतात. लांबी आणि रुंदी सारखी असेल तर दोन्ही दिशांचे घुमणे एकाच स्वरावर येऊन आदळते, म्हणून चौरस खोली ऐकण्यासाठी गैरसोयीची. उंचीही तेवढीच असेल तर परिस्थिती आणखी बिकट. निवडीला वाव असल्यास आयताकृती खोली निवडावी.

हा खोलीचा अंमल एका मर्यादेपर्यंतच चालतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मर्यादा घरगुती खोल्यांत साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या खाली जे ऐकू येते त्यावर खोलीची सत्ता असते, आणि तिच्या वर स्पीकरचा स्वतःचा स्वभाव पुढे येतो. हा भेद लक्षात ठेवल्यास पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

बसण्याची जागाही याच वेळी ठरवावी. अडकलेल्या लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो, त्यामुळे मागच्या भिंतीला डोके टेकेल असे बसल्यास खर्ज फुगलेला ऐकू येतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसल्यास सर्वांत खालचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण एक-तृतीयांश अंतर हा सुरुवातीसाठी चांगला अंदाज आहे. स्पीकर भिंतीपासून किती पुढे आणता येतील आणि श्रोत्यापासून किती लांब राहतील, ही दोन अंतरेही कागदावर लिहून ठेवावीत, कारण स्पीकरची निवड त्यांवर अवलंबून आहे.

पायरी दुसरी: स्पीकर निवडावेत

संपूर्ण संचाचा स्वभाव ठरवणारी खरेदी हीच. येथे घाई करू नये, आणि पैसा आखडता घ्यायचाच असेल तर तो अन्यत्र घ्यावा.

चांगला स्पीकर कोणता हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न असल्याची समजूत आहे. कॅनडातील राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी आणि पुढे हार्मन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी व शॉन ऑलिव्ह यांनी केलेल्या प्रयोगांनी ती बरीचशी मोडीत काढली. श्रोत्यांना स्पीकर दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावून आणि आवाजाची पातळी समान ठेवून गुण द्यायला सांगितले असता, वेगवेगळ्या श्रोत्यांची पसंती आश्चर्य वाटावे इतकी जुळली. समोरून मोजलेला प्रतिसाद सपाट आणि बाजूंना पसरणारा प्रतिसाद गुळगुळीत उतरत जाणारा असेल, असे स्पीकर त्यांना आवडले. १९९४ साली याच दोघांनी तेच स्पीकर दिसत असताना आणि दिसत नसताना दिलेले गुण ताडून पाहिले, तेव्हा आकार, रूप आणि नाव दिसू लागताच मते बदलतात हेही स्पष्ट झाले. मला स्वतःला या संशोधनाचा दुसरा भाग पहिल्याहून अधिक उपयुक्त वाटतो, कारण दुकानात आपण नेहमी स्पीकरकडे पाहतच ऐकत असतो.

बाजूच्या प्रतिसादाला एवढे महत्त्व का, हे समजून घेणे आवश्यक आहे. श्रोत्याच्या कानापर्यंत स्पीकरचा थेट आवाज तर पोहोचतोच, शिवाय भिंती, छत आणि जमिनीवरून परतलेला आवाजही काही सहस्रांश सेकंदांत येऊन मिसळतो. मेंदू दिशा ठरवताना पहिल्यांदा आलेला आवाज धरतो, पण स्वराचा रंग ठरवताना परतलेला आवाजही हिशेबात घेतो. समोरून निर्दोष असलेला स्पीकर बाजूला वेडावाकडा आवाज फेकत असेल, तर खोलीत त्याचा एकत्रित परिणाम कर्कश किंवा पोकळ होतो. अमेरिकेतील सीटीए-२०३४ या मानकाप्रमाणे स्पीकरभोवती सर्व दिशांनी घेतलेली मोजमापे आता अनेक स्पीकरसाठी जाहीरपणे उपलब्ध असतात. त्या आलेखातील समोरची रेघ सपाट आहे का आणि खालच्या रेघा गुळगुळीतपणे, हळूहळू उतरत जातात का, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

माहितीपत्रक वाचताना तीन आकडे पाहावेत. पहिला म्हणजे कंपनसंख्येचा पल्ला, पण त्यासोबत ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ अशी मर्यादा दिलेली असेल तरच. नुसते ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ लिहिलेले असेल तर त्याला काहीही अर्थ नाही. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो याचा. घरगुती स्पीकरमध्ये तो बहुधा ८४ ते ९० च्या दरम्यान असतो. तिसरा इम्पिडन्सचा, म्हणजे स्पीकर वीजेच्या प्रवाहाला करत असलेल्या विरोधाचा. ८ ओहम असे छापलेले असले तरी काही स्वरांवर तो ४ ओहमपर्यंत किंवा त्याखाली उतरू शकतो, म्हणून किमान इम्पिडन्स दिलेला असल्यास तोच लक्षात घ्यावा. ‘इतके वॉट’ हा स्पीकरवरील आकडा त्याची सहनशक्ती सांगतो, आवाजाचा दर्जा सांगत नाही.

आकाराबाबत भौतिकशास्त्र तडजोड करत नाही. स्वर एका सप्तकाने खाली आणला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटला, तर वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाच्या, पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. लहान पडद्याची ही क्षमता लवकर संपते, त्यामुळे पाच इंची वूफरच्या पेटीकडून साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या खाली भरीव आवाजाची अपेक्षा धरू नये. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा आणि डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपासची असते. लहान खोलीत, जवळून, मुख्यतः गायन ऐकणाऱ्याला लहान पेटी पुरेशी होते आणि पुढे सबवूफर जोडण्याची वाट मोकळी राहते. मोठ्या खोलीत तीन-चार मीटरवरून वाद्यवृंद ऐकायचा असेल तर मोठ्या पेटीला पर्याय नाही.

ऐकून पाहताना परिचयाची ध्वनिमुद्रणे न्यावीत. त्यांत एकट्या माणसाचा आवाज हवाच, कारण मानवी आवाजातील खोट कानाला सर्वांत आधी कळते. तंबोऱ्याच्या झंकारात वरच्या स्वरांचा गुळगुळीतपणा पारखता येतो, आणि डग्ग्याची मींड एकसंध सरकते की मध्येच एखादा स्वर फुगतो, यावरून खर्जाची शिस्त कळते. दोन स्पीकरची तुलना करताना त्यांची पातळी समान करून घ्यावी. जो किंचित मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, आणि संवेदनशीलतेतील फरकामुळे एकाच बटणस्थितीत दोन स्पीकर कधीच सारखे वाजत नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत चमकदार, थक्क करणारा वाटणारा स्पीकर अर्ध्या तासाने थकवतो, असे बऱ्याचदा घडते. शक्य असेल तर परत करण्याच्या अटीवर घरी आणून निर्णय घ्यावा.

अंगभूत अ‍ॅम्प्लिफायर असलेले, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, स्पीकर नवख्यांसाठी विशेष विचारात घेण्यासारखे आहेत. त्यांत प्रत्येक वूफर आणि ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाला) स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असतो, स्वरांची विभागणी वीज वाढवण्याच्या आधीच होते आणि जोडीची चिंता निर्मात्याने स्वतःवर घेतलेली असते. त्याच खर्चात वेगवेगळे घटक जमवून तेवढा दर्जा गाठणे अवघड असते, असे माझे मत आहे. त्यांची मर्यादा ही की एक भाग बिघडला तर सगळी पेटीच दुरुस्तीला जाते.

पायरी तिसरी: मांडणी करावी

या पायरीला पैसे लागत नाहीत, आणि कदाचित म्हणूनच तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण करावा. प्रत्येक स्पीकर श्रोत्याच्या समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर येतो, आणि स्टिरिओ ध्वनिमुद्रणे याच मांडणीला धरून ऐकली व मिसळली जातात. ट्वीटर बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर असावा. दोन्ही बाजूंच्या भिंतींपासूनची अंतरे शक्यतो समान ठेवावीत, नाहीतर गायक मध्यावरून एका बाजूला सरकतो.

स्पीकरच्या मागच्या भिंतीपासूनच्या अंतराचा हिशेब अधिक रंजक आहे. खर्जाचे स्वर पेटीच्या सर्व बाजूंना पसरतात, मागच्या भिंतीवर आपटून परततात आणि समोरच्या थेट आवाजात मिसळतात. परतीचा प्रवास अर्ध्या तरंगलांबीइतका झाला तर दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. तो स्वर काढण्यासाठी ३४३ ला स्पीकरच्या दर्शनी भागापासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीने भागावे: ८० सेंटिमीटर अंतराला उत्तर सुमारे १०७ हर्ट्झ येते, आणि नेमक्या त्याच भागात पुरुषी आवाजाचा आणि अनेक वाद्यांचा भरीवपणा असतो. स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ नेला तर हा खड्डा वरच्या, कमी त्रासदायक भागात सरकतो, पण खर्ज वाढतो. दूर आणला तर खड्डा खाली जातो. म्हणून नियम पाठ करण्याऐवजी स्पीकर १०-१० सेंटिमीटरने पुढेमागे सरकवत एकच ओळखीची चीज पुन्हा पुन्हा ऐकावी आणि आवाज भरीव पण न घुमणारा जेथे वाटेल तेथे जमिनीवर खूण करून ठेवावी. कोपऱ्यात स्पीकर ठेवू नये. बंद कपाटाच्या किंवा फडताळाच्या खणात कोंबलेला उत्तम स्पीकरसुद्धा सामान्य ठरतो.

शेवटी स्पीकर श्रोत्याकडे थोडे वळवून पाहावेत. जास्त वळवले की वरचे स्वर तीव्र होतात आणि मधले चित्र रेखीव होते, कमी वळवले की आवाज सौम्य आणि पसरट होतो. यात बरोबर-चूक असे काही नाही.

तारा जोडताना दोन्ही स्पीकरची लाल आणि काळी टोके सारखीच जोडली आहेत ना, हे दोनदा तपासावे. एका स्पीकरची टोके उलटी लागली तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, परिणामी खर्ज गायब होतो आणि गायकाची जागा सापडत नाही. नव्या संचाचा आवाज निराशाजनक वाटण्याचे हे एक नेहमीचे, आणि मिनिटभरात दूर होणारे, कारण आहे.

पायरी चौथी: खोलीतील पृष्ठभागांकडे पाहावे

रिकाम्या खोलीत टाळी वाजवावी. टाळीनंतर झणझणाट ऐकू आला तर समोरासमोरच्या कठीण पृष्ठभागांमध्ये आवाज उड्या मारतो आहे. गालिचा, जाड पडदे, कापडी सोफा आणि भरलेली पुस्तकांची कपाटे यांनी मध्यम आणि वरच्या स्वरांची बरीच सोय होते. आणखी पुढे जायचे असेल तर श्रोत्याने आपल्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात जेथे स्पीकर दिसेल तेथून पहिले परावर्तन येते. तेथे १० सेंटिमीटर जाडीचा रॉकवूलचा (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचा) फलक लावण्याची पद्धत आहे. स्पीकरचा बाजूचा प्रतिसाद चांगला असेल तर बाजूची परावर्तने आवाजाला सुखद विस्तार देतात असे टूल यांचे म्हणणे होते, तर ध्वनिमुद्रणाचे काम करणारे तंत्रज्ञ ती शोषून घेणे पसंत करतात. घरात ऐकणाऱ्याने दोन्ही करून पाहावे.

पातळ फोमचे खाचदार चौकोन आणि अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीवर लावू नयेत. शोषक वस्तूची जाडी तरंगलांबीच्या मानाने पुरेशी असावी लागते, आणि १०० हर्ट्झच्या लाटेचा पाव भागसुद्धा ८६ सेंटिमीटर भरतो. दोन-अडीच सेंटिमीटरचा फोम फक्त वरचे स्वर खातो, खर्ज तसाच घुमत राहतो, आणि खोली एकाच वेळी मंद आणि गढूळ वाजू लागते.

पायरी पाचवी: खर्जाचा बंदोबस्त

मुख्य स्पीकर लहान असतील आणि खालचे स्वर हवे असतील तर सबवूफर घ्यावा. ८० हर्ट्झच्या खालचे स्वर त्याच्याकडे सोपवणे ही रूढ सुरुवात आहे, कारण इतक्या खालच्या स्वरांची दिशा कानाला फारशी ओळखता येत नाही. त्याची जागा शोधण्याची एक जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे: सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या खुर्चीवर ठेवावा, खर्जाची चाल असलेली चीज लावावी आणि भिंतीच्या कडेने रांगत ऐकावे, जेथे सगळे स्वर सारख्या जोराचे वाटतील तेथे सबवूफर ठेवावा. पाहणाऱ्याला हे दृश्य विचित्र दिसते, पण युक्ती लागू पडते. एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवल्यास खोलीतील वेगवेगळ्या आसनांवर आवाज अधिक एकसारखा मिळतो.

त्यानंतर मोजमाप करावे. रूम ईक्यू विझार्ड हा संगणकीय कार्यक्रम मोफत मिळतो आणि त्याच्यासोबत चालणारा मोजणीचा यूएसबी मायक्रोफोन एखाद्या दिखाऊ तारेपेक्षा स्वस्त असतो. ऑडिसी किंवा डिरॅकसारखी, खोलीमुळे बिघडलेल्या आवाजाच्या दुरुस्तीची सोय अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असेल तर ती वापरावी, परंतु दोन पथ्ये पाळावीत. आलेखातील उंचवटे खाली आणावेत, खोल खड्डे भरण्याचा प्रयत्न करू नये. लाटा एकमेकींना मारत असलेल्या ठिकाणी कितीही वीज ओतली तरी ती मारलीच जाते आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र दमतो. दुसरे, दुरुस्ती साधारण ३०० हर्ट्झच्या खालीच मर्यादित ठेवून पाहावी, कारण त्याच्या वर एका जागी ठेवलेल्या मायक्रोफोनला जे दिसते ते दोन कान आणि मेंदू यांना ऐकू येणाऱ्या आवाजाशी फारसे जुळत नाही.

पायरी सहावी: अ‍ॅम्प्लिफायर

अ‍ॅम्प्लिफायरला तीन गोष्टी जमल्या की पुरे: लागेल तेवढी शक्ती देणे, स्पीकरच्या किमान इम्पिडन्सला न डगमगणे आणि शांततेत सळसळ न करणे. शक्तीचा हिशेब असा. आवाज ३ डेसिबलने वाढवायला शक्ती दुप्पट लागते आणि १० डेसिबलने वाढवायला, म्हणजे कानाला सुमारे दुप्पट वाटेल इतका करायला, दहापट. ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या ८ ओहमच्या दोन स्पीकरसमोर ३ मीटरवर बसलेल्या श्रोत्याला प्रत्येकी अवघ्या १ वॉटमध्ये ८० डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो, आणि घरात ऐकण्यासाठी तो चांगलाच मोठा असतो. संगीतातील क्षणिक उसळ्या सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात, म्हणजे त्या क्षणी ३० ते १०० वॉट हवेत. त्या मर्यादेत राहणारा कोणताही नीट बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर चालेल. ५० वॉटऐवजी ६० वॉट घेतल्याने एक डेसिबलसुद्धा मिळत नाही.

मर्यादेच्या आत वापरलेल्या दोन चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमधील फरक, पातळी काटेकोर जुळवून आणि न पाहता ऐकल्यास, ओळखणे फार कठीण जाते. निर्वात नळ्यांचे अ‍ॅम्प्लिफायर याला अपवाद आहेत. त्यांचा बाहेर जाणाऱ्या टोकाचा इम्पिडन्स जास्त असल्याने स्पीकरच्या बदलत्या इम्पिडन्सप्रमाणे स्वरांचा तोल थोडा हलतो. तो हललेला तोल कोणाला प्रिय असेल तर तक्रार नाही, पण त्याला अधिक अचूकता म्हणता येणार नाही.

पायरी सातवी: स्रोत, आणि तारा

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे मानक १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचे आहे. त्यात सुमारे ९६ डेसिबलचा गतिमान पल्ला (सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर) आणि माणसाला ऐकू येणारा संपूर्ण स्वरपट्टा मावतो. २००७ साली ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणांच्या वाटेत गुपचूप सीडीच्या मानकाचा टप्पा घालून श्रोत्यांना फरक ओळखायला सांगितला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखी. म्हणून महागडा डॅक ही पहिल्या दिवसाची गरज असू शकत नाही. संगणकाच्या किंवा फोनच्या सोयीत सळसळ, खरखर किंवा अपुरा आवाज असेल तर एक साधा, मोजमापात चांगला ठरलेला डॅक घ्यावा आणि विषय संपवावा. ब्लूटूथमध्ये संदेश लहान करण्यासाठी होणाऱ्या संक्षेपाने काही प्रमाणात हानी होते, तरीही ती स्पीकर चुकीच्या जागी ठेवण्याच्या हानीपुढे लहान आहे.

ध्वनिमुद्रण स्वतः कसे केले आहे याचा परिणाम मात्र फार मोठा असतो. तीच रचना एका आवृत्तीत श्वास घेते आणि आवाज मोठा करण्याच्या स्पर्धेत दाबून काढलेल्या नव्या आवृत्तीत सपाट वाजते. चांगली आवृत्ती शोधण्यात घालवलेला एक तास कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा अधिक देऊन जातो.

टर्नटेबल वापरणाऱ्याने मात्र स्रोताकडे गांभीर्याने पाहावे. येथे कार्ट्रिज, सुईचा आकार आणि तिची झीज, सुईवरील भार आणि कोन यांचा आवाजावर स्पष्ट परिणाम होतो, आणि तबकडीत दाबलेला खर्ज आरआयएए या प्रमाणित वक्राप्रमाणे पूर्ववत करणारा फोनो टप्पाही योग्य असावा लागतो. नव्या कार्ट्रिजवर खर्च करण्याआधी जुन्याचा भार निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे आहे का, हे छोट्या काट्यावर तपासावे.

तारांविषयी थोडक्यात. १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या ५ मीटर दुपदरी तारेचा जाण्यायेण्याचा मिळून रोध सुमारे ०.११ ओहम होतो आणि ८ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे आवाज डेसिबलच्या दहाव्या भागाइतका उतरतो. अंतर फार मोठे असेल किंवा स्पीकर ४ ओहमचा असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. याहून अधिक खर्च दिसण्यासाठी असतो.

खर्चाची वाटणी आणि पुढची सुधारणा

एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक वाटा स्पीकरला आणि लागत असल्यास सबवूफरला द्यावा, उरलेल्यातील मोठा भाग अ‍ॅम्प्लिफायरला, आणि गालिचा, पडदे, स्टँड व मोजणीचा मायक्रोफोन यांसाठी काही रक्कम आधीच बाजूला काढावी. डॅक आणि तारा शेवटच्या शिल्लकीतून घ्याव्यात. खोलीवर काहीच उपाय करणे शक्य नसेल, किंवा शेजाऱ्यांमुळे मोठ्याने ऐकता येत नसेल, तर चांगल्या हेडफोनचा विचार करावा. त्यात खोलीचा प्रश्नच उरत नाही आणि त्याच दर्जासाठी खर्च पुष्कळ कमी येतो. गायक समोर उभा असल्याचा भास मात्र हेडफोनमध्ये मिळत नाही.

पुढे एखादा घटक बदलावासा वाटला तर आधी स्वतःची परीक्षा घ्यावी. दोन्ही घटकांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवण्यासाठी स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावावा, दुसऱ्या कोणाला तरी न दाखवता अदलाबदल करायला सांगावी आणि १० वेळा ओळखून पाहावे. ९ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर फरक खरोखर ऐकू येतो आहे असे धरायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने असे घडण्याची शक्यता साधारण १ टक्का असते. ५-६ बरोबर आली तर पैसे तसेच ठेवावेत.

वापरलेली वस्तू घेण्याचा मार्गही चांगला आहे, कारण स्पीकरचे तंत्र हळू बदलते. जुन्या स्पीकरमध्ये वूफरच्या पडद्याभोवतीची फोमची कडा बोटाने हलकेच दाबून पाहावी. ती चिकट किंवा भुसभुशीत झाली असेल तर बदलावी लागेल, रबराची कडा सहसा जास्त टिकते. पडदा दोन्ही बाजूंनी समान दाबत आत ढकलल्यावर घासल्याचा आवाज येत असेल तर तो स्पीकर घेऊ नये. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे आवाजाचे बटण सावकाश फिरवून खरखर ऐकावी, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते पाहावे, आणि स्पीकरमधून वीजेची गुणगुण येत असेल तर कपॅसिटर बदलण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी.